बासष्ट की पासष्ट? मराठी ओठ वाचायला शिकताना

आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता तीन शब्द म्हणा: मामा, बाबा, पापा. मग घरातल्या कुणाला तरी त्यांतला एक शब्द तसाच मुक्यानं म्हणायला सांगा आणि ओळखा. ओळखता येणार नाही. तुम्हाला नाही, मला नाही, जन्मभर ओठांकडे बघत जगलेल्या माणसालाही नाही. तिन्ही शब्दांत ओठ मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात, उघडतात. घशात गुणगुण झाली का, हवा नाकातून गेली का, हे ओठांवर उमटतच नाही.

हा प्रयोग मी मुद्दाम पहिल्यांदा करायला सांगते. मला दोन्ही कानांना मशीन आहे, आणि "तू काय, ओठांवरून सगळं ओळखतेस!" हे वाक्य मी इतक्यांदा पाहिलंय (ऐकलंय म्हणत नाही) की आता ते लांबूनही ओळखू येतं. सिनेमातला हेर दुर्बिणीतून शत्रूचं अख्खं संभाषण वाचतो. खऱ्या आयुष्यात भाजीवाल्याचा एक आकडा धड वाचता येत नाही. तरीही ओष्ठवाचन शिकण्यासारखं आहे आणि घरच्या घरी बरंचसं शिकताही येतं, फक्त त्याकडून काय मिळेल आणि काय मिळणार नाही हे आधी माहीत हवं. हा लेख मुख्यतः मोठेपणी ऐकू कमी येऊ लागलेल्या, मराठी आधीपासून येत असलेल्या माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. लहान मुलांची गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे शेवटी येते.

आधी ऑडिओग्राम हातात घ्या

पहिली पायरी ओठांची नाही, कानाची आहे. ऐकू येणं तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्टकडून मिळालेला ऑडिओग्राम, म्हणजे तो आलेखाचा कागद, बहुतेकांच्या घरी फाइलमध्ये पडून असतो. तो काढा. डावीकडून उजवीकडे २५० ते ८००० हर्ट्झ, म्हणजे जाड आवाजाकडून बारीक आवाजाकडे. वरून खाली डेसिबल. रेघ जितकी खाली, तितकं कमी ऐकू येतं.

वय झाल्यामुळे किंवा वर्षानुवर्षं गोंगाटात काम केल्यामुळे (भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांवर आयुष्य काढलेल्यांना हे सांगायला नको) जे ऐकू येणं जातं, ते बहुधा उजव्या बाजूनं ढासळतं. डावी बाजू बऱ्यापैकी शाबूत राहते. जाड आवाजांच्या त्या डाव्या पट्ट्यात स्वरांची ताकद असते, म आणि न यांचा नाकातला नाद असतो, 'ब' म्हणताना घशात होणारी गुणगुण असते. उजवीकडच्या बारीक आवाजांत स, श, त, क, च यांची ओळख असते. म्हणूनच "आवाज येतो हो, पण शब्द कळत नाही" ही तक्रार घरोघरी असते. ती तक्रार खरी आहे. आजोबा दुर्लक्ष करत नसतात.

आता मजा बघा. 'पा', 'ता', 'का' या तिघांत असा कान गोंधळतो. डोळा मात्र गोंधळत नाही: 'पा'ला ओठ मिटतात, 'ता'ला जिभेचं टोक दातांशी चमकून जातं, 'का'ला पुढे काहीच हलत नाही. उलट 'पा', 'बा', 'मा' यांत डोळा पार आंधळा, पण डावी बाजू शाबूत असलेला कान ती गुणगुण आणि तो नाकातला नाद पकडतो. एकाच्या हातून जे निसटतं ते नेमकं दुसऱ्याच्या ओंजळीत पडतं. ओष्ठवाचनाची सगळी मदार या जोडगोळीवर आहे. म्हणून मशीन काढून ठेवून ओठ वाचायचे, म्हणजे डोळे "तयार" होतात, हा सल्ला कुणी दिला तर मानू नका.

ऐकू येणारी माणसंही हे नकळत करत असतात. सम्बी आणि पोलॅक या दोन संशोधकांनी १९५४ मध्येच दाखवलं होतं की गोंगाट जितका वाढतो, तितका बोलणाऱ्याचा चेहरा दिसण्याचा फायदा वाढत जातो. १९७६ मध्ये मॅकगर्क आणि मॅकडॉनल्ड यांनी लोकांना 'बा'चा आवाज ऐकवला आणि त्याच वेळी 'गा' म्हणणारा चेहरा दाखवला. लोकांनी छातीठोकपणे सांगितलं, 'दा' ऐकू आलं. कान आणि डोळा यांच्या भांडणात मेंदूनं तिसराच निकाल दिला. पुढे १९९७ मध्ये मेंदूची चित्रं घेऊन असंही दिसलं की आवाज नसताना नुसते बोलणारे ओठ पाहिले, तरी मेंदूतला ऐकण्याचा भाग जागा होतो.

तुमच्या कागदावरची रेघ डावीकडेही तळाशीच असेल, तर हिशेब बदलतो. मग कान ती गुणगुण पुरवणार नाही, आणि नुसत्या ओठांवर संसार चालवणं फार ओढाताणीचं होतं. अशा वेळी लिहून दाखवणं, मोबाइलवरचा मजकूर, सांकेतिक भाषा यांना "शेवटचा उपाय" न समजता पहिल्या दिवसापासून हाताशी ठेवावं.

याच पायरीवर आणखी एक काम: डोळे तपासून घ्या. सत्तरीतल्या माणसाला दोन महागडी मशीनं बसवून दिली आणि मोतीबिंदू तसाच ठेवला, असं मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिलंय.

मराठी ओठांवर कशी दिसते

इंग्रजीत तयार याद्या मिळतात, पण त्या मराठीला जशाच्या तशा लागू पडत नाहीत. आपल्याकडे महाप्राण आहेत, मूर्धन्य आहेत, ळ आहे. आपली वर्णमाला मात्र तोंडातल्या जागेनुसारच रचलेली असल्यामुळे निम्मं काम शाळेतच झालेलं आहे. ओष्ठ्य, दंत्य, मूर्धन्य, तालव्य, कंठ्य हे शब्द आठवतात? व्याकरणाच्या तासाला पाठ केलेलं इथे पहिल्यांदा उपयोगी पडतं.

ओष्ठ्य सर्वांत ठळक दिसतात आणि एकमेकांपासून अजिबात वेगळे काढता येत नाहीत: प, ब, भ, म. भाजी आणि माझी, पाव आणि भाव, पोळी आणि भोळी आणि मोळी, हे सगळे ओठांवर सारखेच. 'फ' फसवा आहे. काही जण 'फळ' म्हणताना ओठ पूर्ण मिटतात, काही जण खालचा ओठ वरच्या दातांना लावतात, इंग्रजी 'फॅन'मधल्यासारखा. समोरच्याचा 'फ' कोणता, हे एकदा बघून ठेवलं की सोपं जातं. 'व'लाही खालचा ओठ दातांकडे जातो, पण निसटता.

दंत्य, म्हणजे त, थ, द, ध, न आणि त्यांच्या जोडीला ल: तोंड उघडं असेल तर जिभेचं टोक दिसतं. उजेड बरा असला तर. मूर्धन्य ट, ठ, ड, ढ, ण, ळ यांत जीभ वर वळते आणि दृष्टीआड होते. सात आणि साठ यांतला फरक त्यामुळे जवळपास नाहीच. स, श, च, ज यांना दात जवळ येतात, श-च-ज यांना काहींचे ओठ किंचित पुढे येतात. कंठ्य क, ख, ग, घ आणि ह यांचं बाहेर काहीच दिसत नाही. 'काका' हा शब्द ओठांवर म्हणजे फक्त दोनदा उघडलेला जबडा. नातेवाइकांमध्ये सर्वांत अदृश्य माणूस काकाच.

स्वरांचं बरं आहे. आ म्हणजे मोकळं उघडलेलं तोंड, ई आणि ए म्हणजे कानांकडे ताणलेले ओठ, ऊ आणि ओ म्हणजे गोल. ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, ते सोडून द्या. शब्दाचा सांगाडा स्वरांवर उभा असतो, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करायची.

आणि इथे मराठीचं व्याकरण मदतीला धावतं. आला, आली, आले: शेवटी तोंड उघडं राहिलं की ताणलं गेलं, एवढ्यावरून बाई आली की बाप्या आला हे कळतं. नाव चुकलं तरी माणूस निम्मा सापडतो. मात्र याच व्याकरणात एक खड्डाही आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि 'नाही' त्याच्याही शेवटी. "मी उद्या सकाळी बँकेत जाऊन ते पैसे भरणार" इथपर्यंत माणूस तुमच्याकडे बघून बोलतो आणि 'नाही' म्हणताना चपला घालायला खाली वाकतो. वाक्य संपेपर्यंत नजर हलवायची नाही, ही सवय मराठी ओठ वाचताना फार मोलाची.

त्यात 'नाही' आणि 'ताई' हे ओठांवर जुळे भाऊ-बहीण आहेत. न आणि त दोन्ही दाताशी, मग आ, ह दिसतच नाही, मग ई. आमच्याकडे एका गौरीजेवणाला आईनं स्वयंपाकघराच्या दारातून सांगितलं, "नाही येणार ती." मी वाचलं, "ताई येणार." पान मांडलं, रांगोळी काढली. ते पान शेवटपर्यंत रिकामं राहिलं आणि माझ्या भावानं ती गोष्ट पुढची पाच वर्षं प्रत्येक सणाला सांगितली.

जागा पकडा

यात कौशल्य काही नाही, नुसता निर्लज्जपणा हवा. बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पाहिजे, तुमच्या नव्हे. म्हणजे खिडकी किंवा दिवा तुमच्या पाठीमागे. हॉटेलात गेलात तर आधी उभं राहून बघा, मग खुर्ची निवडा. कुणी हसलं तर हसू दे. अंतर तीन ते सहा फूट. फार जवळ गेलात तर चेहरा तुकड्या-तुकड्यानं दिसतो, फार लांब गेलात तर आवाज पडतो: अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत साधारण सहा डेसिबल कमी होतात. पाठीमागे भिंत असलेली जागा चांगली, मागचा गलबला कमी होतो. एका कानाला बरं ऐकू येत असेल तर तो कान बोलणाऱ्याकडे.

पंखा, मिक्सर, टीव्ही बंद करायला सांगा. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत थांबा. नजर ओठांवर खिळवून ठेवायची नाही, तोंडाच्या आसपास सैल ठेवायची, म्हणजे भुवया, मान, हात हेही दिसत राहतात. नकाराची मान डोळ्यांच्या कोपऱ्यातून टिपली की 'ताई' आणि 'नाही' सुटतात.

घरचा सराव

रोज पंधरा-वीस मिनिटं पुरेत. जास्त केलं तर डोळे दुखतात आणि जोडीदारही वैतागतो. जोडीदार कोण, हे महत्त्वाचं. नवरा किंवा बायकोपेक्षा शेजारची कॉलेजातली मुलगी किंवा नातू बरा पडतो; संसारातली जुनी भांडणं सरावात उतरत नाहीत.

पहिला आठवडा आरशाचा. आ, ई, ऊ, ए, ओ आणि मग त्यांच्यामागे एकेक व्यंजन: पा पी पू, ता ती तू, का की कू. आपलंच तोंड बघायचं. कोणती अक्षरं सारखी दिसतात याची वहीत नोंद करा. ती यादी वाचून पाठ करण्यापेक्षा स्वतः काढलेली डोक्यात राहते.

दुसऱ्या आठवड्यापासून जोडीदार. चार शब्द कागदावर लिहा, ओठांवर वेगळे दिसणारे: पाणी, चहा, दूध, ताक. जोडीदारानं त्यातला एक आवाज न काढता म्हणायचा, तुम्ही बोट ठेवायचं. दहापैकी नऊ बरोबर यायला लागले की एकमेकांच्या जवळचे शब्द घ्या: ताक, चाक, राख, साखर. इथे एक सूचना जोडीदाराला द्या: आवाज बंद करायचा, पण तोंड नेहमीसारखंच हलवायचं. मुक्यानं बोलताना माणसं हमखास तोंड वेडंवाकडं ताणतात, आणि मग तुम्ही जे शिकता ते कुणाच्याच तोंडावर कधी सापडत नाही.

मग वाक्यं, विषय आधी सांगून. "आता बाजाराबद्दल बोलतोय." "आता दवाखान्याबद्दल." विषय कळला की निम्मं वाक्य मेंदूच पुरं करतो, आणि ती फसवणूक नाही, तेच खरं तंत्र आहे. दहा वाक्यं आवाज बंद ठेवून, दहा वाक्यं चेहरा झाकून आवाजासह, दहा वाक्यं चेहरा आणि आवाज दोन्ही. चेहरा झाकायला हात किंवा जाड कागद नको, आवाज दबतो. भरतकामाच्या लाकडी रिंगमध्ये झिरझिरीत काळं कापड ताणून बसवा आणि तोंडासमोर धरा. वाचा-उपचार करणारेही हेच साधन वापरतात. प्रत्येक फेरीत किती वाक्यं कळली ते लिहा. बहुतेकांच्या वहीत तिसऱ्या फेरीचा आकडा पहिल्या दोन फेऱ्यांच्या बेरजेलाही मागे टाकतो. मशीन लावायला कुरकुरणाऱ्या वडिलांना हा कागद दाखवा. भाषण देऊन जे होत नाही ते त्या तीन आकड्यांनी होतं.

सहा-आठ आठवड्यांनी 'ट्रॅकिंग' सुरू करा. ही पद्धत दे फिलिपो आणि स्कॉट यांनी १९७८ मध्ये मांडली, आणि मला ठाऊक असलेल्या सगळ्या सरावांत हीच सर्वांत जास्त खऱ्या बोलण्यासारखी वाटते. जोडीदार एखादा मजकूर चार-पाच शब्दांच्या तुकड्यांनी वाचतो, तुम्ही तो तुकडा शब्दशः परत म्हणायचा. चुकला तर तो पुन्हा सांगेल, वेगळ्या शब्दांत सांगेल, पण तुकडा बरोबर म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. दहा मिनिटांनी थांबा, किती शब्द झाले ते मोजा, दहानं भागा. मिनिटाला इतके शब्द, हा तुमचा आकडा. दर आठवड्याला त्याच आवाजात, त्याच जोडीदारासोबत मोजा. मजकूर म्हणून गावच्या बातम्या किंवा पाककृती घ्या. कविता नको, पुढचा शब्द अंदाजानं येत नाही.

टीव्हीवर सराव करायचा असेल तर बातम्या देणारा चेहरा चांगला, समोरून दिसतो आणि बऱ्यापैकी स्पष्ट बोलतो. डब केलेले सिनेमे आणि जाहिराती मात्र टाळा. ओठ एका भाषेत आणि आवाज दुसऱ्या भाषेत, म्हणजे मॅकगर्कचा प्रयोग तीन तास चालू ठेवल्यासारखं होतं.

"काय?" विचारू नका

ओष्ठवाचनात चूक होणारच. तरबेज माणूस चूक लवकर ओळखतो आणि नेमकं विचारतो. "काय?" म्हटलं की समोरचा सगळं वाक्य पुन्हा, मोठ्यानं, वैतागून म्हणतो, आणि ओठ तेच असल्यामुळे तुम्हाला पुन्हा तेच दिसतं. त्याऐवजी जे कळलं ते सांगा आणि जे राहिलं तेच मागा. "गुरुवारी जायचंय हे कळलं, किती वाजता?" आणि हो, गुरुवार की शुक्रवार, हेही एकदा विचारूनच घ्या, दोघांचेही ओठ सुरुवातीला गोल होतात आणि शेवट तर एकच. "परवा का?" असं विचारलं की प्रश्न सुटतो. दुसऱ्यांदाही कळलं नाही, तर "वेगळ्या शब्दांत सांगा" म्हणा.

आकड्यांचं स्वतंत्र प्रकरण आहे. बासष्ट आणि पासष्ट ओठांवर हुबेहूब एक. बत्तीस आणि पस्तीस जवळजवळ एक. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस यांत माझा अजूनही गोंधळ होतो. मराठी संख्या जोडून बनतात आणि एककाचा अंक तोंडातल्या तोंडात विरघळतो, त्यामुळे अंक सुटे करून मागायचे: "सहा-दोन की सहा-पाच?" 'दोन'ला ओठ गोल होतात, 'पाच'ला मिटून उघडतात, चुकायला जागाच नाही. सात की साठ, तर बोटं दाखवायला सांगा. पैसे, तारखा, औषधाचं प्रमाण आणि पत्ता हे मी ओठांवरून कधीच घेत नाही. कागद पुढे करते. एका दवाखान्यातल्या खिडकीवर नंबर पुकारला गेला आणि मी तीन नंबर आधीच उठून आत शिरले, तेव्हापासून तर मुळीच नाही.

मान डोलावत "हो हो" म्हणत राहणं ही आम्हा सगळ्यांची खोड. ती तात्पुरती सुटका असते. मग आठवड्यानं कुणीतरी विचारतं, "तू हो म्हणाली होतीस ना, भिशीचं तू बघशील म्हणून?"

घरच्यांसोबत एक छोटी खूणभाषा ठरवता येते. 'म'च्या वेळी हवा नाकातून जाते, म्हणून नाकाला बोट. 'ब'ला गळ्यात गुणगुण, म्हणून गळ्याला बोट. 'प'ला काही नाही. शब्दाचं पहिलं अक्षर अडलं की एवढी खूण पुरते: मामा, बाबा, पापा तिघेही वेगळे होतात. याच कल्पनेची पूर्ण विकसित पद्धत, चेहऱ्याजवळ हाताच्या ठरावीक मुद्रा करून सारखे दिसणारे ध्वनी वेगळे दाखवण्याची, अमेरिकेतल्या बहिऱ्यांसाठीच्या गॅलॉडेट कॉलेजात (आताचं विद्यापीठ) कॉर्नेट यांनी १९६६ मध्ये तयार केली होती. आपल्याला घरी तेवढं सगळं नको. काहीच जमलं नाही तर तळहातावर बोटानं अक्षर गिरवा.

हा भाग घरच्यांना वाचायला द्या

बोलण्याआधी त्यांचं लक्ष वेधा: समोर या, खांद्याला हात लावा, मग बोला. दुसऱ्या खोलीतून हाक मारून सुरू केलेलं वाक्य वाया गेलंच समजा.

ओरडू नका. ओरडल्यानं ओठ ताणले जाऊन आकार बिघडतात, आणि ज्यांना हळू आवाज ऐकू येत नाही त्यांनाच मोठा आवाज अनेकदा टोचतो. मशीन तो आणखी टोचरा करतं. एक-एक अक्षर फोडून "मी ज-र-आ बा-हे-र" असंही नको. नेहमीपेक्षा किंचित सावकाश, वाक्याच्या मध्ये छोटा श्वास घेऊन. विषय बदलला की सांगा: "आता लाइट बिलाचं बोलतोय."

तोंड मोकळं ठेवा. ओठावर लोंबणारी मिशी, तोंडावर धरलेला पदर, गालावर टेकवलेला हात, चघळणं. खालच्या ओठात तंबाखूचा बार भरून बोलणाऱ्या माणसाचे ओठ वाचणं कुणालाच शक्य नाही; माझ्या एका मामांशी मी सकाळी दात घासल्यानंतरच महत्त्वाचं बोलते.

आणि "जाऊ दे, काही नाही" असं म्हणू नका. कितीही फालतू विनोद असला तरी पुन्हा सांगा. तो फालतू होता हे आम्हाला आमचं ठरवू दे.

पंगत, ऑफिस, फोन

चार माणसांपुढे ओष्ठवाचन कोसळतं, कारण कोण बोलतंय ते शोधेपर्यंत त्याचं बोलून झालेलं असतं. पंगतीत एक जवळचा माणूस शेजारी न बसवता समोर बसवा. ऑफिसात बैठकीचे मुद्दे आधी लेखी मागा आणि बोलणाऱ्यानं हात वर करावा एवढं ठरवून घ्या. व्हिडिओ कॉलवर चित्र अडखळलं की ओठ आणि आवाज सुटतात. अशा वेळी कॅमेऱ्यापेक्षा मजकूर बरा. गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब हे अॅप २०१९ मध्ये आलं, त्यात मराठीही आहे. ते आवाजावर चालत असल्यामुळे बासष्ट-पासष्टमध्ये ओठांसारखं फसत नाही, मात्र गोंगाटात आणि अस्सल मालवणी किंवा वऱ्हाडी बोलीपुढे गडबडतं. बँकेच्या काचेपलीकडे, मास्कआड, हेल्मेटमध्ये: सरळ फोन काढा, टाइप करा.

मूल लहान असेल तर

वर सांगितलेलं सगळं "भाषा आधीच येते" या गृहीतकावर उभं आहे. 'ताक' आणि 'नाक' यांत निवड करायला दोन्ही शब्द माहीत असावे लागतात. जन्मतः बहिरं मूल ओठांवरून भाषा पहिल्यांदा शिकेल, ही अपेक्षा म्हणजे निम्मी अक्षरं खोडलेल्या पुस्तकातून वाचायला शिकवण्यासारखी. बाळं चार ते आठ महिन्यांच्या वयात आपणहून डोळ्यांऐवजी तोंडाकडे जास्त बघू लागतात, हे खरं. पण ऐकू येणाऱ्या बाळाला त्याच्या जोडीला आवाज मिळत असतो.

म्हणून इथे घाई महत्त्वाची. जगभर मानला जाणारा दंडक असा: पहिल्या महिन्यात कानाची चाळणी तपासणी, तिसऱ्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून हेच काम करते; तपासणी आणि मशीनबद्दलचं मार्गदर्शन तिथे मिळतं. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी २०१६ च्या कायद्यात दोन पातळ्या आहेत: दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्ट्यात ७० डेसिबल किंवा जास्त तोटा म्हणजे बधिर, ६० ते ७० म्हणजे ऐकण्यास कमी.

आणि हात बांधू नका. १८८० मध्ये मिलानच्या परिषदेत शिक्षकांनी ठराव केला की बहिऱ्या मुलांना बोलण्यातूनच शिकवायचं, खुणांमधून नाही. त्याची किंमत जगभरच्या पिढ्यांनी मोजली. २०१० मध्ये व्हँकूवरच्या परिषदेत त्या ठरावाबद्दल खेद नोंदवला गेला, १३० वर्षांनी. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत २०१५ मध्ये राष्ट्रीय केंद्र स्थापन झालं, तिचा शब्दकोश इंटरनेटवर मोफत बघता येतो. खुणा शिकल्यानं मूल बोलायचं थांबतं ही भीती घरोघरी भेटते. मला तर उलट वाटतं: ज्याच्याकडे एक पूर्ण भाषा आहे, त्यालाच दुसरीचे ओठ वाचता येतात.

थकवा

याबद्दल कुणी सांगत नाही म्हणून सांगते. दोन तास ओठ वाचणं म्हणजे दोन तास सतत गाळलेल्या जागा भरणं. संध्याकाळी डोकं जड होतं, चिडचिड होते, आणि घरच्यांना वाटतं की दिवसभर बाहेर गोड बोलणारी बाई घरी येऊन फणकारते. महत्त्वाची कामं सकाळी ठेवा. लग्नाच्या हॉलमध्ये गेल्या गेल्या एखादी रिकामी खोली, गच्ची किंवा जिना शोधून ठेवा, तासाभरानं तिथे जाऊन मशीन काढा आणि दहा मिनिटं डोळे मिटून बसा. सोबत आलेल्याला आधीच सांगून ठेवा की डोळे मिटले म्हणजे झोप लागली असं नाही, बरं वाटत नाही असंही नाही. जेवायची पंक्ती बसली की येऊन खांद्याला हात लाव, बस.